सूत्रकृमींतील जनुक-अभिव्यक्ती व सूक्ष्मव्यूह पद्धती

सजीवाच्या कोशिकांत असलेल्या जनुकांपैकी (आनुवंशिक लक्षणे ठरविणाऱ्या डीएनएमधील एककांपैकी) कोणती जनुके, केव्हा व किती प्रमाणात कार्यान्वित होतात, यास जनुक-अभिव्यक्ती म्हणतात. एकाच प्राण्याच्या स्नायूत, आतड्यात आणि तंत्रिका कोशिकेत जनुकांचा संच सारखाच असतो. परंतु त्यांतील वेगवेगळी जनुके कार्य करीत असल्यामुळे या कोशिका रचनेने व कार्याने भिन्न होतात. त्याचप्रमाणे अंडे, डिंभ (प्रौढाहून भिन्न अशी वाढीची अवस्था) व प्रौढ या एकाच प्राण्याच्या अवस्थांतील फरकही मुख्यतः जनुक-अभिव्यक्तीतील फरकांमुळे पडतो. हजारो जनुकांची अभिव्यक्ती एकाच प्रयोगात मोजण्यासाठी विसाव्या शतकाच्या अखेरीस जी पद्धत प्रचारात आली, तीस सूक्ष्मव्यूह किंवा मायक्रोॲरे पद्धती म्हणतात. या पद्धतीने ज्या बहुकोशिकीय प्राण्याचा प्रथमपासून सखोल अभ्यास झाला, तो म्हणजे सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा जमिनीत व कुजणाऱ्या वनस्पतिज पदार्थांत राहणारा, सु. १ मिमी. लांबीचा सूत्रकृमी होय.

सूत्रकृमी हे दोऱ्यासारखे, वलयरहित व दोन्ही टोकांस निमुळते होत गेलेले कृमी आहेत. त्यांपैकी असंख्य जाती मातीत व पाण्यात स्वतंत्रपणे राहतात, तर काही वनस्पती, प्राणी व मनुष्य यांच्या शरीरांत जीवोपजीवी म्हणून (दुसऱ्या सजीवावर उपजीविका करून) राहतात. स्वतंत्र राहणाऱ्या एका निरुपद्रवी कृमीवर प्रयोगशाळेत मिळालेले ज्ञान उपद्रवी कृमींना कितपत लागू पडते, या प्रश्नाला कृषी व आरोग्य या दोन्ही दृष्टींनी महत्त्व आहे. वाशिम जिल्ह्यासारख्या, कडधान्ये व सोयाबीन यांवर ज्याची उपजीविका मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे अशा प्रदेशाचा या विषयाशी संबंध येतो तो याच कारणाने.

वाशिम जिल्हा व पिकांवरील सूत्रकृमी : विदर्भातील अमरावती विभागात मोडणारा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. शेती मुख्यतः पावसाच्या पाण्यावर होते. खरिपात सोयाबीन व त्यात आंतरपीक म्हणून तूर, तर रब्बीत हरभरा ही येथील प्रमुख पिके असून कापूसही घेतला जातो व काही भागांत संत्र्याच्या बागा आहेत.

या पिकांना उपद्रव देणारे अनेक सूत्रकृमी भारतात ज्ञात आहेत. मेलॉयडोगायनी वंशातील, मुळांवर गाठी निर्माण करणारे सूत्रकृमी सोयाबीन, तूर, हरभरा आणि बहुतेक सर्व भाजीपाला पिकांवर वाढू शकतात. रोटिलेंक्युलस रेनिफॉर्मिस या जातीची प्रौढ मादी मूत्रपिंडाच्या आकाराची असते. ती तूर, कापूस व सोयाबीन यांच्या मुळांत डोके खुपसून राहते. तुरीवरील हेटेरोडेरा कजानी या जातीचे वर्णन १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या पांढऱ्या माद्या मुळांवर बारीक मोत्यांसारख्या दिसतात आणि मेल्यावर त्यांच्या शरीराचेच तपकिरी, टणक पुटी-आवरण बनून त्यात अंडी दीर्घकाळ सुरक्षित राहतात. संत्र्याच्या मुळांवरील टायलेंक्युलस सेमिपेनेट्रान्स या जातीमुळे झाडाचा मंद ऱ्हास होतो. विदर्भात संत्र्याची कलमे ज्या जंबेरी खुंटावर बांधली जातात, तो खुंट या सूत्रकृमीस सहज बळी पडतो.

सूत्रकृमींचा उपद्रव ओळखणे अवघड असते. शेतात मधूनमधून पिवळे पडलेले, खुरटलेले पट्टे दिसतात व भर दुपारी झाडे माना टाकतात. ही लक्षणे पाण्याच्या किंवा अन्नद्रव्यांच्या कमतरतेसारखी असल्याने पुष्कळदा खत वाढवून पाहिले जाते. झाड हलकेच उपटून मुळे पाहिल्याखेरीज खरे कारण कळत नाही. सोयाबीनच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या उपयुक्त जंतूंच्याही गाठी असतात. या उपयुक्त गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असून बोटाने सहज सुटतात व कापल्यास आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, त्यामुळे ती मुळापासून वेगळी करता येत नाही.

पूर्वी जमिनीत धुरीकारक द्रव्ये घालून या कृमींचा नाश करीत. त्यांपैकी डायब्रोमोक्लोरोप्रोपेन हे द्रव्य मनुष्यास अपायकारक ठरल्याने त्यावर भारतात १९८९ मध्ये बंदी घालण्यात आली. इतरही काही विषारी द्रव्ये याच कारणाने मागे पडली आहेत. त्यामुळे केवळ कृमीवर परिणाम करील व माती, पीक आणि मनुष्य यांस इजा करणार नाही, असे त्याच्या जीवनक्रमातील नेमके मर्मस्थान शोधणे आवश्यक झाले. जनुक-अभिव्यक्तीच्या अभ्यासाचा मुख्य व्यावहारिक हेतू हाच आहे.

प्रायोगिक प्राणी : वनस्पतींवरील सूत्रकृमींचा आनुवंशिकीच्या नेहमीच्या रीतीने अभ्यास करणे कठीण असते. जिवंत मुळाखेरीज ते वाढत नाहीत. मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा या जातीत तर फलनाशिवाय प्रजोत्पादन होत असल्याने दोन वाणांचा संकर करून संततीतील लक्षणे तपासण्याचा मार्गच बंद होतो. यामुळे प्रथम सोयीचा प्राणी निवडून सूत्रकृमींच्या शरीरव्यापारांचे सामान्य नियम समजावून घेणे इष्ट ठरले.

सी. एलेगन्स या जातीचे वर्णन एमील मोपा यांनी १९०० मध्ये केले होते. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिज येथे या कृमीची निवड करून १९७४ मध्ये त्याच्या आनुवंशिकीवरील मूलभूत निबंध प्रसिद्ध केला. हा कृमी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत आगर या जेलीसारख्या पदार्थावर जंतू खाऊन वाढतो. त्याचे शरीर पारदर्शक असल्यामुळे जिवंतपणीच त्याच्या कोशिका सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. प्रौढ उभयलिंगी कृमीत ९५९ कायिक कोशिका (जनन कोशिकांखेरीज इतर कोशिका) असून त्यांपैकी ३०२ तंत्रिका कोशिका असतात. अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतची वाढ चार डिंभावस्थांतून सु. तीन दिवसांत पूर्ण होते. एक उभयलिंगी कृमी सु. ३०० संतती निर्माण करतो आणि दोन ते तीन आठवडे जगतो. अन्न अपुरे व दाटी फार असल्यास डिंभ वाढ थांबवून ‘डाउअर’ नावाची टिकाऊ अवस्था धारण करतो. या अवस्थेत तो काही न खाता कित्येक महिने जिवंत राहू शकतो. या कृमीवरील कार्याबद्दल ब्रेनर, जॉन सल्स्टन व एच. रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांना २००२ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डिसेंबर १९९८ मध्ये सी. एलेगन्सच्या संपूर्ण डीएनएचा अनुक्रम प्रसिद्ध झाला. अशा रीतीने वाचली गेलेली ही पहिलीच बहुकोशिकीय प्राण्याची आनुवंशिक संहिता होय. तीत सु. ९.७ कोटी क्षारक-जोड्या असून १९,००० हून अधिक जनुके असल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला. जनुकांची यादी मिळाली, तरी त्यांपैकी बहुतेकांचे कार्य अज्ञात होते. ती केव्हा व कोठे कार्यान्वित होतात हे पाहणे हा त्यांचे कार्य शोधण्याचा एक मार्ग होता.

तत्त्व : डीएनएच्या रेणूत दोन धागे एकमेकांभोवती गुंफलेले असतात. त्यांतील ॲडेनीन हे क्षारक नेहमी थायमिनाशी आणि ग्वानीन हे सायटोसिनाशी जोडी जमविते. त्यामुळे एका धाग्यावरील अनुक्रम ठाऊक असल्यास दुसऱ्याचा निश्चित करता येतो. वेगळे केलेले पूरक धागे योग्य तापमानास पुन्हा एकमेकांस जुळतात; या क्रियेस संकरण म्हणतात. जनुक कार्यान्वित झाले म्हणजे त्याची प्रत संदेशवाहक आरएनएच्या रूपात तयार होते व तिच्यावरून प्रथिन बनते [⟶ न्यूक्लिइक अम्ले]. म्हणून कोशिकेत एखाद्या जनुकाचा संदेशवाहक आरएनए किती आहे, हे मोजल्यास त्या जनुकाच्या अभिव्यक्तीची कल्पना येते.

संकरणाने एकेका जनुकाचा आरएनए मोजण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकातच रूढ झाली होती. तीत आरएनए पटलावर स्थिर करून त्यावर एका जनुकाचा खुणेचा तुकडा सोडीत. सूक्ष्मव्यूहात ही मांडणी उलट केलेली असते. अनेक जनुकांचे तुकडे काचपट्टीवर ठरावीक जागी स्थिर केलेले असतात आणि त्यांवर नमुन्यातील सर्व संदेशांचे खूण केलेले मिश्रण सोडतात. प्रत्येक संदेश आपल्या पूरक तुकड्यास जाऊन चिकटतो. कोणत्या जागी किती प्रकाश दिसतो यावरून कोणते जनुक किती कार्यरत होते हे समजते. पॅट्रिक ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९५ मध्ये ॲराबिडॉप्सिस या लहान वनस्पतीच्या ४५ जनुकांचा असा व्यूह वापरून दाखविला. दोनच वर्षांनी यीस्टची जवळजवळ सर्व जनुके एका पट्टीवर मांडण्यात आली. सूत्रकृमीसाठी असे कार्य मुख्यत्वे स्टॅनफर्ड येथेच स्ट्यूअर्ट किम यांच्या प्रयोगशाळेत झाले.

कार्यपद्धती : प्रयोगाची पहिली व सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे एकाच वयाचे कृमी मिळविणे. प्रौढ कृमींवर सोडियम हायपोक्लोराइट व सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या विद्रावाची क्रिया केल्यास त्यांची शरीरे विरघळतात; परंतु कवचामुळे अंडी सुरक्षित राहतात. ही अंडी अन्नरहित विद्रावात उबविली असता बाहेर पडलेले डिंभ पहिल्याच अवस्थेत थांबून राहतात. त्यांना एकाच वेळी अन्न दिले, की सर्वांची वाढ बरोबर सुरू होते आणि ठरावीक तासांनी हवी ती अवस्था हजारोंच्या संख्येने मिळते.

हे कृमी धुऊन त्यांतील जंतू काढून टाकतात व ते द्रव नायट्रोजनात त्वरित गोठवितात. कृमीच्या बाह्य आवरणामुळे कोशिका सहजी फुटत नाहीत म्हणून गोठविणे व वितळविणे ही क्रिया पुनःपुन्हा करून आरएनए वेगळे काढतात. आरएनएचा नाश करणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडविण्यास मदत करणारी प्रथिने) हाताच्या त्वचेवर व धुळीतही असल्याने या पायरीस अत्यंत स्वच्छता पाळावी लागते. नंतर व्युत्क्रमी प्रतिलेखन घडविणाऱ्या एंझाइमाच्या साहाय्याने आरएनएवरून पूरक डीएनए तयार करतात आणि तसे करताना त्यात अनुस्फुरक (शोषलेल्या प्रकाशाहून अधिक तरंगलांबीचा प्रकाश उत्सर्जित करणारा) रंग गुंफतात. तुलना करावयाच्या दोन नमुन्यांपैकी, उदा., डाउअर डिंभ व अन्न मिळालेले डिंभ यांपैकी, एकास तांबडा व दुसऱ्यास हिरवा रंग देण्याचा प्रघात आहे.

दोन्ही नमुने एकत्र करून ते काचपट्टीवर सोडतात व रात्रभर संकरण होऊ देतात. न चिकटलेले रेणू धुऊन काढल्यावर पट्टीचे लेसर किरणांनी क्रमवीक्षण करतात. ठिपका तांबडा दिसल्यास ते जनुक पहिल्या नमुन्यात अधिक कार्यरत, हिरवा दिसल्यास दुसऱ्यात अधिक व पिवळा दिसल्यास दोन्हींत सारखेच कार्यरत आहे, असे समजतात. प्रत्यक्षात दोन्ही रंगांच्या तीव्रतांचे गुणोत्तर काढून त्याचा २ या आधाराचा लॉगरिथम घेतात. त्यामुळे चौपट वाढ +२ ने आणि एक-चतुर्थांशापर्यंतची घट −२ ने दर्शविली जाते व वाढ आणि घट समान मापाने पाहता येतात.

दुसऱ्या प्रकारच्या व्यूहात जनुकांचे लांब तुकडे न वापरता २५ क्षारकांचे लहान धागे प्रकाशाच्या साहाय्याने काचेवरच घडवितात. यात प्रत्येक नमुना वेगळ्या पट्टीवर मोजला जातो. ॲफिमेट्रिक्स या कंपनीने सी. एलेगन्ससाठी अशा पट्ट्या तयार केल्या होत्या.

निष्कर्ष काढताना घ्यावयाची काळजी : हजारो जनुके एकाच वेळी तपासल्याने केवळ योगायोगानेही पुष्कळ फरक दिसून येतात. १९,००० जनुकांच्या बाबतीत कोणताच खरा फरक नसला, तरी शंभरांत एक इतक्या चुकीस वाव देणारी सांख्यिकीय कसोटी लावल्यास सु. १९० जनुके ‘बदललेली’ भासतील. यासाठी प्रयोग स्वतंत्रपणे वाढविलेल्या कृमींवर अनेक वेळा करावा लागतो आणि खोट्या निष्कर्षांचे प्रमाण ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या कसोट्या वापराव्या लागतात. योआव्ह बेंजामिनी व योसेफ होखबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली कसोटी या कामी विशेष प्रचारात आहे.

याहून सूक्ष्म चूक नमुन्यांच्या तुलनेत दडलेली असते. प्रौढ कृमीत कायिक कोशिकांपेक्षा जनन कोशिकांची केंद्रके अधिक असतात. एखाद्या उत्परिवर्तित (आनुवंशिक बदल झालेल्या) कृमीची अंडी कमी असली किंवा त्याची वाढ काही तासांनी मागे पडलेली असली, तर शेकडो जनुकांत फरक दिसतो. परंतु तो त्या उत्परिवर्तनाचा प्रत्यक्ष परिणाम नसून केवळ ऊतकांच्या (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांच्या) प्रमाणातील वा वयातील फरक असतो. शेतातील मुळांतून गोळा केलेल्या कृमींत निरनिराळ्या वयांचे कृमी मिसळलेले असल्याने हा धोका अधिकच वाढतो. म्हणून व्यूहाने दाखविलेली जनुकांची यादी हे उत्तर न मानता पुढील तपासणीसाठीचे अनुमान मानणे योग्य ठरते.

सी. एलेगन्समधील प्रमुख निष्कर्ष : व्हॅलरी राइन्के, स्ट्यूअर्ट किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये ११,९१७ जनुकांचा व्यूह वापरून जनन ऊतकाचा अभ्यास केला. जनन ऊतक नसलेले, केवळ शुक्राणू निर्माण करणारे व केवळ अंडाणू निर्माण करणारे अशा उत्परिवर्तित कृमींची तुलना करून त्यांनी जनन ऊतकात अधिक कार्यरत असलेली १,४१६ जनुके निश्चित केली. त्यांपैकी ६५० शुक्राणूंशी व २५८ अंडाणूंशी संबंधित होती आणि उरलेली ५०८ दोन्ही प्रकारच्या जनन ऊतकांत आढळली. शुक्राणूंशी संबंधित जनुके एक्स या लिंग-गुणसूत्रावर जवळजवळ नसतात, ही अनपेक्षित गोष्ट या अभ्यासातून निदर्शनास आली. एकेका जनुकाच्या अभ्यासातून ती दिसणे शक्य नव्हते.

पुढील वर्षी याच गटाने १७,८७१ जनुकांचा, म्हणजे त्या वेळी ज्ञात असलेल्या जनुकांपैकी सु. ९४ टक्के जनुकांचा व्यूह तयार करून अंड्यापासून प्रौढापर्यंतच्या अवस्थांतील अभिव्यक्तीची नोंद केली. नर व उभयलिंगी यांत वेगळ्या प्रमाणात कार्यरत असलेली २,१७१ जनुके त्यात आढळली. त्याच वर्षी ५५३ प्रयोगांची माहिती एकत्र करून, एकत्रितपणे वाढणाऱ्या व घटणाऱ्या जनुकांचे ४४ समूह पाडण्यात आले. अज्ञात कार्याचे जनुक कोणत्या समूहात पडते, यावरून त्याच्या कार्याविषयी तर्क करणे यामुळे शक्य झाले. डाउअर अवस्थेतून बाहेर पडताना सु. २,००० जनुकांच्या अभिव्यक्तीत बदल होतो, असे २००३ मध्ये दिसून आले.

वार्धक्याच्या अभ्यासातील उदाहरण पद्धतीचे बल व तिची मर्यादा दोन्ही दाखविते. इन्शुलीन ग्राहीसारखे प्रथिन बनविणाऱ्या डीएएफ-२ या जनुकात दोष असलेले कृमी सामान्य कृमींच्या दुप्पट जगतात, हे सिंथिया केन्यन यांनी १९९३ मध्ये दाखविले होते. त्यामागे कोणती जनुके आहेत, हे २००३ मध्ये कोलीन मर्फी, केन्यन व इतरांनी सूक्ष्मव्यूहाने तपासले. ताणापासून संरक्षण देणारी, जंतूंचा प्रतिकार करणारी व चयापचयाशी (शरीरात सतत होणाऱ्या रासायनिक घडामोडींशी) निगडित अशी अनेक जनुके यादीत आली. संशोधक तेथेच न थांबता त्यांनी यादीतील जनुके एकेक करून आरएनए-व्यत्ययाने निष्क्रिय केली व प्रत्येकाचा आयुर्मर्यादेवर होणारा परिणाम मोजला. तेव्हा दीर्घायुष्य एका जनुकामुळे नव्हे, तर अनेक जनुकांच्या लहान लहान परिणामांच्या बेरजेमुळे लाभते, असे आढळले.

आरएनए-व्यत्यय म्हणजे दुहेरी धाग्याचा आरएनए शरीरात घालून त्याच अनुक्रमाच्या जनुकाचे कार्य थांबविणे होय. ही क्रिया अँड्रू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये याच कृमीत शोधून काढली व त्याबद्दल त्यांना २००६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. सूक्ष्मव्यूह कोणती जनुके बदलली हे सांगतो, तर आरएनए-व्यत्यय त्यांपैकी कोणत्यांवाचून चालत नाही हे सांगतो. या दोन पद्धती परस्परपूरक आहेत.

पिकांवरील सूत्रकृमींतील उपयोग : मुळांवर गाठी निर्माण करणाऱ्या सूत्रकृमीचा दुसऱ्या अवस्थेतील डिंभ मातीतून मुळाच्या टोकाशी येतो. तोंडातील सुईसारख्या पोकळ शुकाने तो कोशिकाभित्ती भेदतो व ग्रसिका ग्रंथींतील स्राव आत सोडतो. या स्रावामुळे मुळातील काही कोशिका विभागल्याशिवाय वाढत जाऊन अनेक केंद्रकांच्या राक्षसी कोशिका बनतात. त्यांतील अन्नावर मादी फुगते व शेकडो अंडी घालते. वनस्पतीची स्वतःची जनुकेच कृमीच्या सोयीने वापरली जात असल्याने येथे पोषक वनस्पती व कृमी या दोघांचीही जनुक-अभिव्यक्ती पाहणे आवश्यक असते.

सोयाबीनच्या बाबतीत हे एकाच पट्टीवर साधण्यात आले. ॲफिमेट्रिक्सच्या सोयाबीन व्यूहात सोयाबीनच्या ३७,५०० हून अधिक संदेशांबरोबरच मूळकूज करणाऱ्या फायटॉफ्थोरा सोजे या रोगकारकाचे १५,८०० आणि हेटेरोडेरा ग्लायसिनिस या पुटी-सूत्रकृमीचे ७,५०० संदेश अंतर्भूत होते. या व्यूहाच्या आधारे अमेरिकेत मुळात शिरण्यापूर्वीचे व शिरल्यानंतरचे कृमी आणि त्याच वेळचे सोयाबीनचे मूळ यांचा समांतर अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हेटेरोडेरा ग्लायसिनिस ही अमेरिकेतील सोयाबीनवरील मुख्य कीड आहे, तर वाशिमच्या तुरीशी संबंध असलेली हेटेरोडेरा कजानी ही तिच्याच वंशातील वेगळी जाती होय. त्यामुळे एका जातीवरील निष्कर्ष दुसरीस लावण्यापूर्वी त्यांची स्वतंत्र तपासणी करणे जरूर असते.

ॲराबिडॉप्सिसच्या मुळांतील गाठींचा २००५ मध्ये फ्रान्समध्ये अभ्यास झाला. तपासलेल्या २२,०८९ जनुकांपैकी ३,३७३ जनुकांत गाठ व निरोगी मूळ यांत फरक आढळला. वनस्पतीच्या संरक्षणाशी संबंधित पुष्कळ जनुके गाठीत दबलेली होती. यावरून यशस्वी कृमी वनस्पतीस केवळ इजा करीत नसून तिचा प्रतिकारही शमवितो, असे अनुमान निघाले.

अशा माहितीतून निवडलेल्या जनुकांवर आरएनए-व्यत्यय वापरता येतो. वनस्पतींवरील सूत्रकृमींचे डिंभ मुळात शिरेपर्यंत काहीच खात नाहीत. परंतु ऑक्टोपामीन हे द्रव्य मिसळल्यास ते द्रव गिळतात आणि त्याबरोबर दुहेरी आरएनएही त्यांच्या शरीरात जातो, असे २००२ मध्ये दाखविण्यात आले. पुढे २००६ मध्ये मेलॉयडोगायनीच्या १६डी१० या स्रावजनुकाविरुद्ध आरएनए बनविणारी ॲराबिडॉप्सिस झाडे तयार करण्यात आली व ती या वंशातील चार प्रमुख जातींना प्रतिकारक ठरली. २००८ मध्ये मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटाच्या डीएनएचा अनुक्रम प्रसिद्ध झाला. त्यात वनस्पतीच्या कोशिकाभित्ती विरघळविणाऱ्या एंझाइमांची अनेक जनुके आढळली. ही जनुके सी. एलेगन्समध्ये नाहीत, ती जंतूंपासून आली असावीत, असे मानतात. म्हणजे वाढ, कात टाकणे, प्रजोत्पादन यांसारख्या सर्वसामान्य क्रियांसाठी सी. एलेगन्स मार्गदर्शक ठरतो. पण परजीवनाची खास साधने मात्र उपद्रवी जातीतच शोधावी लागतात.

मनुष्यातील सूत्रकृमी : विदर्भाच्या अनेक भागांत आढळणारा हत्तीरोग हा वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या सूत्रकृमीमुळे होतो व त्याचा प्रसार डासांमार्फत होतो. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगाच्या रक्तपरीक्षेवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. वुचेरेरिया प्रयोगशाळेतील प्राण्यांत वाढविणे कठीण असल्यामुळे जनुक-अभिव्यक्तीचा अभ्यास बहुधा ब्रुगिया मलायी या तिच्या नातलग जातीवर करतात. तिच्या डीएनएचा अनुक्रम २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नर व मादी यांतील फरक, तसेच कृमीच्या शरीरात राहणाऱ्या वोल्बाकिया या जंतूंचा टेट्रासायक्लिनाने नाश केल्यावर कृमीच्या जनुकांत होणारे बदल सूक्ष्मव्यूहाने तपासले गेले आहेत. हे जंतू नष्ट झाल्यास कृमीचे प्रजोत्पादन थांबते. म्हणून या परस्परावलंबनाकडे औषधयोजनेचे एक लक्ष्य म्हणून पाहिले जाते.

मर्यादा व नंतरच्या पद्धती : संदेशवाहक आरएनएच्या प्रमाणावरून प्रथिनाचे प्रमाण नेहमीच कळते असे नाही, कारण आरएनएपासून प्रथिन बनणे व प्रथिनाचा नाश होणे या दोन्ही क्रियांवर वेगळे नियंत्रण असते. संपूर्ण कृमी दळून मिळविलेला आरएनए हा सर्व ऊतकांची सरासरी असतो, त्यामुळे थोड्याच तंत्रिका कोशिकांत होणारा मोठा बदल झाकला जातो. यावर उपाय म्हणून २००२ मध्ये स्नायूंतील आरएनएवर विशिष्ट प्रथिनाची खूण करून तो वेगळा काढण्यात आला व स्नायूंत कार्यरत असलेली १,३६४ जनुके निश्चित करण्यात आली. पट्टीवर ज्यांचे तुकडे मांडलेले आहेत तीच जनुके मोजता येतात, ही या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा होय. ज्यांच्या डीएनएचा अनुक्रम ठाऊक नाही, अशा जातींसाठी व्यूह तयार करणे कठीण असते.

सु. २००८ पासून संदेशांचा थेट अनुक्रम वाचून त्यांची मोजदाद करण्याची पद्धत प्रचारात आली व तिने सूक्ष्मव्यूहाची जागा बऱ्याच अंशी घेतली. या पद्धतीने २०१७ मध्ये दुसऱ्या अवस्थेतील सी. एलेगन्स डिंभांच्या सु. ५०,००० कोशिकांतील अभिव्यक्ती एकेका कोशिकेगणिक मोजण्यात आली. तथापि नमुन्यांचे वय जुळविणे, प्रयोगाची पुनरावृत्ती, योगायोगाने दिसणारे फरक वगळणे व प्रत्येक निष्कर्षाची स्वतंत्र पडताळणी हे सूक्ष्मव्यूहाच्या काळात रूढ झालेले नियम नव्या पद्धतीसही तितकेच लागू आहेत.

व्यावहारिक महत्त्व : जनुकांच्या यादीतून शेतकऱ्याच्या हाती लगेच औषध येत नाही. कृमीच्या जीवनक्रमात तो केव्हा दुर्बल असतो व कोणत्या क्रियेवाचून त्याचे चालत नाही, हे ती यादी सुचविते. डिंभ मुळात शिरण्यापूर्वी साठविलेल्या अन्नावरच जगतो. पोषक मूळ वेळेत न सापडल्यास तो उपासमारीने मरतो. पिकांची फेरपालट व उन्हाळी नांगरट या जुन्या उपायांचे बळ बऱ्याच अंशी याच गोष्टीत आहे. सोयाबीन, तूर व हरभरा हाच क्रम वर्षानुवर्षे चालू ठेवल्यास गाठी निर्माण करणाऱ्या सूत्रकृमींना पोषक मूळ सतत मिळत राहते. ज्वारीसारखे तृणधान्य मध्ये घेतल्यास तुरीवरील पुटी-सूत्रकृमी व मूत्रपिंडाकृती सूत्रकृमी यांची साखळी तुटते. झेंडूची लागवड, निंबोळी पेंडीचा वापर व उन्हाळ्यात रोपवाटिकेची माती प्लॅस्टिकने झाकून तापविणे हेही उपयुक्त उपाय आहेत. पीक पिवळे पडल्यास खताचा निर्णय घेण्यापूर्वी मुळे पाहणे, तसेच मुळांभोवतालच्या मातीचा ओलसर नमुना कृषि विज्ञान केंद्रामार्फत किंवा अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाकडून तपासून घेणे श्रेयस्कर असते. कारण कोणती जात उपस्थित आहे हे कळल्याखेरीज फेरपालटीचे पीक निवडता येत नाही. जनुक-अभिव्यक्तीवर आधारलेल्या भावी उपायांचीही पहिली पायरी हीच राहील.